पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि सेवा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र द्यायचे, असा आपला प्रघात आहे. यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपवले. मी काही लेखिका नव्हे. मंडळाच्या हिशेबाच्या वह्या लिहिणारी मी. पण त्यांच्या आग्रहापुढे नाही म्हणवेना. पंडिता रमाबाईंवर लिहीन, असे मी सांगितले. तेव्हा बैठकीत एक सूचना आली की, बाईंच्या समाजकार्यावर भरपूर लिहावे, मात्र धर्मांतराचा विषय फारसा काढू नये. मंडळ सर्वांचे आहे, उगाच कोणाचे मन दुखायला नको. सूचना चांगल्या हेतूचीच होती आणि मीही मान डोलावली. परंतु महिनाभर बाईंची चरित्रे वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की, हे मला जमणार नाही. झरा बुजवून टाकायचा आणि विहिरीचे कौतुक करायचे, असे ते होईल. म्हणून जसे दिसले तसे लिहिते आहे. भगिनींनी सांभाळून घ्यावे.

हा विषय मी का निवडला, याला एक घरगुती कारण आहे. माझ्या वडिलांची आत्या नवव्या वर्षी विधवा झाली. आम्ही मुले तिला आत्याआजी म्हणत असू. साल १८९४ च्या आसपासचे. पुण्यात तेव्हा रमाबाईंचे शारदा सदन चालू होते आणि मुलीला तेथे शिकायला ठेवावे, असे आमच्याच घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने सुचवलेही होते. बाकीच्यांनी ठाम नकार दिला. मुलगी बाटेल, ही भीती. मुलगी बाटली नाही. साठ वर्षे तिने आमच्या माजघरात आलवण नेसून, रांधून-वाढून आणि दुसऱ्यांची बाळंतपणे काढून घालवली. मी शाळेत जाऊ लागले, तेव्हा ती मला जवळ बसवून पोथी वाचायला लावी, कारण तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. मी एखादी ओळ गाळली की तिला नेमके कळे. सारे पाठ होते. घरात रमाबाईंचे नाव निघाले की मात्र ती उठून आत जाई. रागाने जाई की आणखी कशाने, हे विचारण्याचे माझे वय नव्हते. ते कोडे मनात राहून गेले.

रमाबाई म्हटले की पुष्कळांना न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी आठवतात. त्या वेगळ्या. पंडिता रमाबाई या डोंगरे घराण्यातल्या. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. ते ठिकाण आज कर्नाटकात मोडते. वडील अनंतशास्त्री मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवण्याचा त्यांनी ध्यास घेतला, लोकांचा रोष ओढवून घेतला आणि शेवटी रानात आश्रम थाटून राहिले. त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, पुढे लेकीला शिकवले. पहाटे उठवून मांडीवर घ्यायचे आणि श्लोक म्हणून घ्यायचे, असा ती माउली अभ्यास घेई. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच आश्रम सुटला आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घालून त्यांना डोक्यावरून नेले होते. पुढे कित्येक वर्षे गावोगावी पुराण सांगत हे कुटुंब फिरत राहिले. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना लहानपणीच मुखोद्गत झाले.

मग दुष्काळ आला. असेल नसेल ते व्रते, दानधर्म आणि तीर्थांत खर्च झाले होते. कष्टाचे काम ठाऊक नव्हते आणि हात पसरण्याची लाज वाटे. १८७४ मध्ये थोड्याच महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मोठी बहीणही गेली. आईला न्यायला चार खांदेकरी मिळेनात. दोघेजण कसेबसे मिळाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी खुद्द रमाबाई. उंची कमी, म्हणून तिरडीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. भुकेने मेलेले माणूस म्हणजे काय, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. भगिनींनो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे बावीस वर्षांनी तिचा उपयोग होणार आहे.

भावंडे हजारो मैल पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. गंमत अशी की, कलकत्त्यातच त्या पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला गेल्या. प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसली, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे या बहीण-भावाला वाटले. तेथे संस्कृतातले बायबल त्यांना मिळाले, पण ते काही डोक्यात शिरले नाही. धर्मशास्त्रांचे वाचन मात्र चालू होते. ते जसजसे वाढले, तसतसे त्यांना एक शल्य टोचू लागले. ग्रंथांची आपसांत नाना मते. पण स्त्रीला वेदाचा अधिकार नाही आणि स्त्री म्हणून मोक्षही नाही, यावर बहुतेकांचे एकमत, असे त्यांना आढळले. ज्या विद्येने आपल्याला मान दिला, त्या विद्येत आपल्या जातीला, म्हणजे बाईच्या जातीला, जागा नाही, हे त्यांच्या मनाने घेतले.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बंगाली वकील विपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, भाषा निराळी. १८८१ मध्ये सिलचर येथे कन्या मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी हातात दहा महिन्यांचे मूल आणि पदरी वैधव्य. त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असे सांगितले. वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने १८८३ मध्ये त्या लेकीला घेऊन विलायतेस गेल्या. कानांना नीट ऐकू येत नसल्यामुळे वैद्यकी काही साधली नाही.

आता ज्याला सर्वजण धर्मांतर म्हणतात, तो प्रसंग. वॉन्टेज गावी एका ख्रिस्ती भगिनीसंघाच्या मठात त्यांची राहण्याची सोय होती. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले एक घर दाखवले. समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा होता. त्यांना कोणी हिणवत नव्हते. शुश्रूषा करून, काम शिकवून माणसांत परत आणले जात होते. रमाबाई थक्क झाल्या. अशा बायकांवर कोणी दया करताना त्यांनी पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. परक्या जातीची, लोकांच्या नजरेतून उतरलेली ती बाई. तिच्याकडे येशू प्यायला पाणी मागतो आणि देवाविषयीच्या उंच गोष्टी तिच्याशीच बोलतो. ज्या प्रश्नाने बाईंना इतकी वर्षे छळले होते, त्याचे उत्तर त्यांना येथे मिळाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात हलकल्लोळ झाला.

मला येथे एवढेच दिसते की, बाईंना आधी वादविवाद पटला आणि मग सेवा सुचली, असे झाले नाही. त्यांनी आधी सेवा पाहिली आणि तिच्या मुळाशी काय आहे ते शोधत त्या श्रद्धेपर्यंत गेल्या. म्हणून त्यांची श्रद्धा आणि त्यांचे काम यांत पुढे कधी भिंत उभी राहिली नाही.

परंतु नव्या धर्मातही त्यांनी मान खाली घातली नाही. शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर परकी लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः शिकत. तेथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील गोऱ्या बिशपांनी हरकत घेतली. बाईंना ती मुळीच रुचली नाही. पंडितांची सत्ता झुगारून आपण येथे आलो, त्या ठिकाणी दुसऱ्यांची सत्ता बसवायला नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. देवाला शरण जायचे, माणसाला नाही, हा त्यांचा बाणा शेवटपर्यंत टिकला.

१८८६ मध्ये आपल्या नात्यातील डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, शेकडो सभांतून बोलल्या. बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेने दहा वर्षे मदतीची हमी दिली. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. हिंगण्याची संस्था आपण सर्व जाणतो. तिच्यामागचा हा धागा मात्र फारसा सांगितला जात नाही.

याच काळात बाईंच्या आयुष्यात एक शांत घटना घडली. तिची वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही, पण मला ती बाप्तिस्म्याहून मोठी वाटते. १८९१ च्या सुमारास त्यांनी एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचले. कित्येक वर्षे प्रवचने देऊनही आपले स्वतःचे अंतःकरण कोरडेच आहे, असे त्या गृहस्थाला एके दिवशी कळले होते. बाई चमकल्या. आपण ख्रिस्ती धर्म पत्करून आठ वर्षे झाली; धर्म मिळाला, पण ज्याच्या नावाने तो धर्म आहे तो ख्रिस्त अजून आपल्याला भेटलेला नाही, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले. एवढी विदुषी, नाव दोन खंडांत गाजलेले, आणि तरी आपले हात रिते आहेत हे तिने स्वतःशी कबूल केले! त्यानंतर त्यांनी आपल्या पांडित्याचा भरवसा सोडून साध्या मुलासारखा विश्वास धरला. काय मिळाले, हे बाहेरून सांगता येत नाही. परंतु त्यानंतरच्या बाई पाहिल्या, तर त्यांची धडपड संपलेली दिसते आणि काम शतपटीने वाढलेले दिसते.

पहिली कसोटी लवकरच आली. सदनात धर्मोपदेश करायचा नाही, असे ठरले होते. वर्गात तो होतही नव्हता. बाई आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत, दार मात्र लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. काहींचा कल तिकडे झुकला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांना दोष देता येत नाही. आईबापांनी विश्वासाने ठेवलेल्या मुलींची जबाबदारी त्यांना वाटत होती. सुमारे पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. बाईंनी दार लावून घेतले असते तर वादळ शमले असते. त्यांनी लावले नाही. इतरांना ज्या देवाचे नाव घेण्याची मोकळीक दिली, तीच मोकळीक त्यांनी स्वतःसाठी मागितली. आमच्या आत्याआजीचा प्रश्न नेमका याच सुमारास निघाला होता. म्हणजे आमच्या घरच्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. पण त्या भीतीची किंमत कोणी भरली, हेही पाहिले पाहिजे.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी वाचताच बाईंना १८७४ आठवले. त्या तडक तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, दुष्ट माणसांच्या तावडीत सापडू पाहणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या आणि पैशाची तजवीज नसताना सुमारे तीनशे जणी बरोबर आणल्या. पुण्यात तोवर प्लेगचे निर्बंध लागू झाले. तेव्हा केडगावच्या माळावर त्यांची शंभर एकर जमीन होती. हे केडगाव म्हणजे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे, दौंड तालुक्यातले, नगरजवळचे नव्हे. तेथे मुली आधी उघड्यावर आणि झोपड्यांत राहिल्या. विहिरी खणल्या, झाडे लावली, इमारती बांधल्या. हेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी तेराशेवर स्त्रिया आणि मुले आली. एकूण माणसे दोन हजारांच्या आसपास गेली. भगिनींनो, आपल्या सहलीला चाळीस जणींचे जेवण करताना आपली किती तारांबळ उडते!

एवढ्या जणींना नुसते पोसले नाही. कोणी मागावर बसली, कोणी शेतात, कोणी गोठ्यात, कोणी तेलघाण्यावर, कोणी छापखान्यात. अंध मुलींना मनोरमेने ब्रेल शिकवले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले घर सतरा-अठरा वर्षांनी आपल्या मातीत उभे राहिले. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली रात्रंदिवस प्रार्थनेत बुडून गेल्या, अशी तिची वर्णने आहेत. तेव्हाही जाती, भट्टी आणि माग बंद पडले नाहीत. बाईंच्या मते प्रार्थना हे कामातून सुटका मिळवण्याचे साधन नव्हते.

शेवटचे मोठे काम याच सुमारास सुरू झाले. मराठी बायबलची भाषा त्यांच्या साध्या बायकांना जड जात होती. म्हणून बाईंनी स्वतः भाषांतर करायचे ठरवले आणि त्यासाठी पंचेचाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. संस्कृत सभा जिंकणारी ही पंडिता आता विहिरीवरच्या आणि जात्यावरच्या बाईला कळेल असा सोपा शब्द शोधत बसे. ऐकू कमी येई, प्रकृती साथ देत नव्हती, तरी हे काम जवळजवळ अठरा वर्षे चालले. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या मुक्तीतल्याच मुली. दुष्काळातून आणलेल्या, अक्षर नव्याने शिकलेल्या.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, आईचा उजवा हात. बाईंनी दुःख गिळले आणि मुद्रिते तपासण्याचे काम पुढे चालवले. ते हातावेगळे करूनच त्यांनी डोळे मिटले, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्तीचे काम केडगावला आजही चालू आहे. १९८९ मध्ये सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मी स्वतः ख्रिस्ती नाही आणि माझी देवपूजा सोडण्याचा विचारही माझ्या मनात आलेला नाही. परंतु श्रद्धेने आयुष्याला दिशा कशी मिळते, हे मला या ख्रिस्ती बाईच्या चरित्रात जेवढे स्पष्ट दिसले तेवढे क्वचित दिसले आहे. त्यांची श्रद्धा थकलेल्या जिवाला टेकायला दिलेली उशी नव्हती. प्रत्येक वेळी जरा अधिक उजेड मिळाला की त्या उजेडात त्यांना पुढचे काम दिसे आणि त्या उठून ते करू लागत. आपल्या मंडळातल्या ख्रिस्ती भगिनी प्रभूच्या मार्गाने चालणे म्हणतात, ते हेच असावे.

आता आत्याआजीचे कोडे. मला वाटते, ती रागाने उठून जात नसे. दार जवळच होते आणि ते आपल्यासाठी उघडले गेले नाही, हे तिला ठाऊक होते. सारी पोथी पाठ असलेल्या त्या बाईला दोन ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आल्या असत्या, तर कोणाचा धर्म बुडाला असता?

शेवटी एक विनंती. मागच्या गल्लीतील घरकामाला जाणाऱ्या बायकांसाठी मंडळाने साक्षरता वर्ग काढला होता. शिकवायला कोणी नाही, म्हणून तो दोन वर्षांपूर्वी बंद पडला. हिशेबाच्या वहीत त्याचे पाटी-पुस्तकांचे पैसे अजून शिल्लक आहेत. मला ते दर महिन्याला दिसतात. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी चार वाजता मी मंडळाच्या खोलीत येऊन बसणार आहे. आणखी कोणी येतील तर आनंदच आहे.

पंडिता रमाबाईंच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.